वडिलांच्या नावावरचा फ्लॅट: प्रोबेट लागते का, आणि लागत नसेल तर मग नेमके काय लागते?

ओवी_कोथरूड (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या वडिलांचे गेल्या वर्षी श्रावणात निधन झाले. कोथरूडमधला आमचा फ्लॅट त्यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या पगारातून आणि कर्ज काढून घेतला होता. करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट या तिन्हींवर त्यांचे एकट्याचेच नाव आहे. त्या घरात आता आई एकटी राहते, मी सासरी वारज्याला असते आणि धाकटा भाऊ गेली चौदा वर्षे कॅलिफोर्नियात आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नाही. निदान कपाट, बँकेचा लॉकर आणि देवघरातला पितळी डबा असे सगळे धुंडाळूनही ते सापडलेले नाही. सोसायटीतील नामनिर्देशन मात्र आहे आणि त्यात एकट्या भावाचे नाव आहे, कारण त्या काळी कोणीही फारसा विचार न करता मुलाचेच नाव घालत असे.

अडचण अशी आहे की सोसायटीचे चिटणीस म्हणतात, "प्रोबेट आणा, मग नाव बदलू," आणि भाऊ रोज फोनवर सांगतो की काहीही कर पण प्रोबेटच्या वाटेला जाऊ नकोस, त्यात वर्षे आणि पैसे दोन्ही जातात. शिवाय आईच्या नावावर घर झाले की लगेच ते एका ट्रस्टमध्ये घालून टाकावे, म्हणजे पुढे प्रश्नच उरणार नाही. आईला यातले काहीच कळत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही कळत नाही. आम्हा भावंडांत वाद नाही. घर आईच्या नावावर व्हावे एवढीच दोघांची इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_वकील

ताई, आधी चिटणीसांच्या मागणीचे बघू, कारण ती मुळातच अस्थानी आहे. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाने दिलेला दाखला. जिथे मृत्युपत्रच नाही तिथे प्रोबेट कशाचे मागणार? तुमचे वडील मृत्युपत्र न करता गेले आहेत असे धरले, तर त्यांची मालमत्ता १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार वारसांकडे गेलेलीच आहे. ती त्यांच्या निधनाच्या क्षणी गेली, सोसायटीने नोंद करण्याची वाट पाहत ती थांबलेली नाही.

आता मृत्युपत्र असते तर काय झाले असते, तेही सांगतो, कारण हा गैरसमज पुण्यात घरोघरी आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ५७ आणि २१३ नुसार हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई, कोलकाता आणि चेन्नई उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरती, म्हणजे त्या शहरांत केलेल्या मृत्युपत्रांसाठी आणि त्या शहरांतील स्थावरासाठी. पुण्यात राहून पुण्यातील घराबद्दल केलेल्या मृत्युपत्राला ती सक्ती कधीच नव्हती. मुंबईच्या नातेवाइकांकडून ऐकलेली गोष्ट शिवनेरी बसमधून पुण्यात आली आणि इथल्या सोसायट्यांच्या कार्यालयांत कायमची मुक्कामाला राहिली, एवढेच. त्यातही डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ च वगळले, त्यामुळे मुंबईकरांच्या बाबतीतही जुने उत्तर आता जसेच्या तसे देता येत नाही.

थोडक्यात, तुमच्या भावाला जे टाळायचे आहे ते इथे नाहीच. मात्र जे खरोखर आहे त्याकडे कोणाचे लक्ष नाही. म्हणून एक प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर नीट आठवून द्या: तुमचे वडील गेले तेव्हा त्यांच्या मातोश्री, म्हणजे तुमची आजी, हयात होत्या का?

पश्चिमवारा

मी सॅन होजेजवळ राहतो, म्हणून ओवीताईंच्या भावाची भीती मला समजते, आणि ती खोटी नाही. फक्त ती इथली आहे. कॅलिफोर्नियात मृताच्या एकट्याच्या नावावर घर असेल तर प्रोबेट न्यायालयातून जावे लागते आणि वकिलाची फी कायद्याने ठरवून दिलेली आहे: पहिल्या एक लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या एक लाखावर ३ टक्के आणि त्यापुढच्या आठ लाखांवर २ टक्के. दहा लाखांच्या घरावर ही फी तेवीस हजार डॉलर होते आणि मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यालाही तेवढाच मेहनताना मागता येतो. गंमत अशी की ही टक्केवारी घराच्या पूर्ण किमतीवर लागते, त्यावर किती कर्ज बाकी आहे हे पाहिले जात नाही. एप्रिल २०२५ पासून साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या राहत्या घरासाठी सोपी पद्धत आली आहे, पण खाडीकाठच्या आमच्या भागात तेवढ्यात घर मिळणे अवघड.

म्हणून इथे जो तो हयातीतच स्वतःचा ट्रस्ट करून घर त्यात घालतो, किंवा मृत्यूनंतर आपोआप हस्तांतर होईल असा दस्त करून ठेवतो. हे दोन्ही उपाय इथल्या रोगावरचे आहेत. रोग पुण्यात नसेल तर औषध विमानाने नेण्यात अर्थ नाही, हे मी माझ्या आईवडिलांच्या घराच्या वेळी बरेच पैसे सल्ल्यावर घालवून शिकलो.

निवृत्त_वकील

पश्चिमवारा यांनी उत्तम सांगितले. त्यात भर एवढीच की आपल्याकडे स्थावर मालमत्तेचा खासगी ट्रस्ट करायचा तर १८८२ च्या न्यास कायद्यानुसार नोंदणीकृत दस्त लागतो आणि महाराष्ट्रात अशा दस्तावर घराच्या बाजारमूल्यानुसार मुद्रांक शुल्क भरावे लागू शकते. अपंग किंवा मतिमंद अपत्याची पुढची सोय लावायची असेल तर ट्रस्टचा विचार जरूर करावा. धडधाकट दोन मुले असलेल्या घरात तो निव्वळ खर्च आहे.

माजी_चिटणीस

मी अकरा वर्षे आमच्या सोसायटीचा चिटणीस होतो, म्हणून टेबलाच्या त्या बाजूने लिहितो. चिटणीस बिचारा बहुधा वाईट नसतो, तो घाबरलेला असतो. उद्या दुसरा वारस दारात उभा राहिला तर काय, या भीतीने तो जमेल तेवढा मोठा कागद मागतो, आणि त्याने ऐकलेला सर्वांत मोठा कागद प्रोबेट हाच असतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यातील कलम १५४ब-१३ त्यांना दाखवा. सदस्य वारल्यावर मृत्युपत्र, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा वारसांनी आपसांत केलेले कौटुंबिक व्यवस्थापत्र यांपैकी कशाच्याही आधारे संस्थेने हस्तांतर करायचे आहे आणि तोवर नॉमिनीला तात्पुरता सदस्य म्हणून घ्यायचे आहे. 'तात्पुरता' हा शब्दच सगळे सांगतो. नॉमिनी हा मालक नव्हे, तो सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करायचा हे ठरवण्यापुरता माणूस आहे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितले होते आणि कंपन्यांच्या शेअरबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. तेव्हा तुमच्या भावाचे नाव शंभर टक्के लागले आहे म्हणून घर त्याचे झाले, असे त्यानेही समजू नये आणि तुम्हीही घाबरू नये.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती चिटणीस स्वतःहून सांगत नाहीत: वारसाच्या नावे हस्तांतर करताना संस्थेला अधिमूल्य (प्रीमियम) मागता येत नाही. ते पंचवीस हजारांचे प्रकरण त्रयस्थाला विक्री केल्यावरचे आहे. तुम्हाला पाचशे रुपये हस्तांतर शुल्क आणि शंभर रुपये प्रवेश शुल्क एवढेच लागेल. 'इमारत निधी', 'स्वेच्छा देणगी' अशा नावांनी काही मागितले तर ठराव लेखी मागा. पुष्कळदा मागणी तिथेच विरते.

ओवी_कोथरूड (धागाकर्ती)

वकीलकाका, आपला प्रश्न वाचून मी थोडी गोंधळले. होय, वडील गेले तेव्हा आजी हयात होती. ती साताऱ्याला काकांकडे असायची. मुलाच्या मागे सातच महिन्यांनी, फाल्गुनात, तीही गेली. आजोबा फार पूर्वीच गेले होते. आजीनेही काही लिहून ठेवलेले नाही. तिला लिहिता येत होते ते फक्त स्वतःचे नाव. पण आजीचा आमच्या फ्लॅटशी काय संबंध? ती इथे एकदाच, वास्तुशांतीला आली होती.

निवृत्त_वकील

मला हीच शंका होती. ताई, शांतपणे वाचा, घाबरण्यासारखे काही नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या पहिल्या वर्गातील वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्या बरोबरीने त्याची आई येते. वडील त्या वर्गात येत नाहीत, आई येते. लोक 'बायको आणि मुले' एवढ्यावर वारसांची यादी संपवतात आणि म्हातारी गावी असते म्हणून ती कोणाच्या ध्यानातच येत नाही. तुमच्या वडिलांच्या निधनाच्या दिवशी त्या फ्लॅटचे चार सारखे वाटे पडले: आईचा, तुमचा, भावाचा आणि आजीचा.

सात महिन्यांनी आजी गेली. तिचा पाव हिस्सा परत तुमच्याकडे आला नाही, तो तिच्या वारसांकडे गेला. स्त्रीच्या वारसांचा क्रम कलम १५ मध्ये वेगळा आहे: मुलगे, मुली, आधी वारलेल्या अपत्यांची मुले, आणि पती. म्हणजे आजीच्या पाव हिश्श्याचे तीन भाग: एक काकांचा, आत्या असेल तर एक तिचा, आणि तिसरा तुमच्या वडिलांच्या शाखेचा, जो तुम्हा दोघा भावंडांत विभागला गेला. सून म्हणून तुमच्या आईला त्यात काही मिळत नाही.

घराचे चोवीस भाग कल्पिले तर आज चित्र असे आहे: तुमचे सात, भावाचे सात, आईचे सहा, काकांचे दोन आणि आत्याचे दोन. ज्या माउलीने त्या घरात तीस वर्षे संसार केला तिचा हिस्सा दोन्ही मुलांपेक्षा कमी आहे आणि ज्यांनी ते घर एकदाच पाहिले असेल त्यांचा मिळून सहावा हिस्सा आहे. कायदा निष्ठुर नाही, पण तो पाटावरची माणसे मोजतो, स्वयंपाक कोणी केला हे विचारत नाही. वडिलांनी साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर चार ओळी लिहिल्या असत्या तर यातले काहीच उद्भवले नसते.

ओवी_कोथरूड (धागाकर्ती)

आत्या आहे, कराडला असते. मी आज दिवसभर काही लिहू शकले नाही. काकांचे आणि आमचे संबंध चांगले आहेत, आत्याचेही, पण आजीच्या तेराव्यानंतर सगळे भेटलेले नाहीत. त्यांना फोन करून नेमके काय सांगायचे? आणि समजा आम्ही सांगितलेच नाही, सोसायटीत आमची तिघांचीच नावे दिली, तर चालणार नाही का? हे विचारताना मलाच बरे वाटत नाही, तरी विचारते.

माजी_चिटणीस

चालेल, दहा वर्षे चालेल, आणि मग पुनर्विकास येईल. विकसकाचे वकील तीस वर्षांच्या कागदांचा शोध घेतात, वंशावळ मागतात, आणि आजीच्या मृत्यूची तारीख वडिलांच्या नंतरची आहे हे पाहिले की तिथेच बोट ठेवतात. तोपर्यंत काका आणि आत्या राहिलेले नसतील, तर त्यांची पाच-सहा मुले, सुना, जावई असतील आणि त्यातल्या एकाला तरी पैशांची गरज असेल. आज दोन सह्या आहेत, उद्या अकरा होतील. शिवाय सोसायटीला तुम्ही वारसांबद्दल प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र देता. त्यात खोटे लिहून स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घेऊ नका.

निवृत्त_वकील

माझेही तेच मत आहे. कृती सांगतो.

तुमच्या घरात वाद नसल्याने सर्वांत सरळ मार्ग हक्कसोडपत्राचा आहे. काका, आत्या, तुम्ही आणि भाऊ, चौघे मिळून आपापला अविभक्त हिस्सा आईच्या लाभात सोडता. हा दस्त नोंदणीकृतच हवा. नोटरीपुढे केलेला हक्कसोड स्थावराला उपयोगाचा नाही. दुय्यम निबंधकांच्या कोणत्याही हवेली कार्यालयात तो नोंदवता येईल. मुद्रांक कायद्याच्या अनुच्छेद ५२ मध्ये भाऊ, बहीण, मुले, आईवडील, पती-पत्नी आणि त्यांचे वारस यांच्यातील हक्कसोडीला नाममात्र शुल्क आहे. ते पूर्वी २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाले. काका-आत्या हे भावजयीच्या लाभात हक्क सोडत आहेत आणि ती त्यांच्या भावाची वारस आहे, त्यामुळे ती सवलत लागू व्हावी. तथापि त्या अनुच्छेदात 'वडिलोपार्जित' असा शब्द आहे आणि त्यावरून एखाद्या टेबलावर खळखळ होते, म्हणून मसुदा आधी दाखवून घ्या. शंका आली तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती याचा लेखी निर्णय, घ्या. दस्तात मोबदला लिहिला तर शुल्काचा हिशेब बदलतो, हेही लक्षात असू द्या.

भावाला यायचे नसेल तर त्याने तिथे कुलमुखत्यारपत्र करावे, ते अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचे सरकारी प्रमाणन) करून घ्यावे आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. ही मुदत पुष्कळांची चुकते, कारण कागद सुखरूप पोहोचला की तो कपाटात ठेवला जातो. तो दिवाळीत किंवा नाताळात येणार असेल तर थांबा. प्रत्यक्ष अंगठा आणि छायाचित्र यासारखे सोपे काही नाही. तो अमेरिकेचा नागरिक झाला असला तरी वारसाहक्काला त्याने बाध येत नाही.

आणि कोणी 'सक्सेशन सर्टिफिकेट काढा' असा सल्ला दिला तर ते बँकेतील ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी असते हे सांगा; घरासाठी नाही. वाद असता, किंवा एखादा वारस सही द्यायला तयार नसता, तर १८२७ च्या मुंबई विनियमाखाली शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढता आला असता. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा, कंपनी सरकारच्या काळातला तो नियम आजही आपल्याकडे रोज वापरला जातो, याचे मला वकिली सोडेपर्यंत नवल वाटत असे. मात्र त्या दाखल्याने वारस कोण हे ठरते, वाटे आईच्या नावावर येत नाहीत. त्यासाठी सह्याच लागतात.

शेवटचे, आणि हे मी ज्येष्ठ म्हणून सांगतो, वकील म्हणून नव्हे. आपल्याकडे बहिणीला साडीचोळी करून सही घेण्याची रीत आहे आणि ती घेताना तिला कागद वाचूनही दाखवला जात नाही. तसे करू नका. आत्याला आकडा सांगा. बारावा हिस्सा म्हणजे आजच्या भावाने किती होतात, तेही सांगा. मग ती सोडेल तर तो तिचा मोठेपणा. मागेल तर तो तिचा हक्क.

मुठाकाठ

वकीलसाहेब, एक उपप्रश्न. वडील हयात असतानाच बहिणींकडून 'मला हिस्सा नको' असे लिहून घेतले तर पुढचे हे सगळे वाचत नाही का? आमच्याकडे तसे कागद घेऊन ठेवले आहेत.

निवृत्त_वकील

नाही. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घरात बहिणीला कोणताच हक्क नसतो, असते ती केवळ आशा, आणि आशेचे हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ ने होत नाही. तुमचे कागद जपून ठेवा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. वडिलांनाच मृत्युपत्र करायला सांगा.

पर्वतीदर्शन

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि हा धागा माझ्यासारख्यांनी वाचायला हवा म्हणून लिहितो. आमच्या मित्रमंडळात 'मृत्युपत्र कशाला, बक्षीसपत्रच करून टाका' अशी लाट आली होती, कारण राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. एका मित्राने मुलाच्या नावाने ते करून दिले. मुलगा वाईट नाही. पण त्याने व्यवसायासाठी घर गहाण टाकले, धंदा बसला, आणि आता बँकेची माणसे ज्याच्या दारात येतात त्या दाराची पाटी अजून बापाच्या नावाची आहे.

बक्षीसपत्र नोंदवले आणि स्वीकारले गेले की मनाला आले म्हणून मागे घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ करण्याची अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात दाद मागता येते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये त्या कलमाचा ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला आहे. पण त्यासाठी पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करावा लागतो, आणि ते धैर्य आमच्या पिढीत कितीजणांत आहे? मृत्युपत्र मरेपर्यंत फिरवता येते. मी माझे तीनदा बदलले आहे आणि कोणालाही कळवलेले नाही.

ओवी_कोथरूड (धागाकर्ती)

काका, धन्यवाद. भाऊ डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी येत आहे, तोवर थांबायचे ठरले. घर आईच्या नावावर झाले की तिचे मृत्युपत्र करूनच टाकू असे आईनेच सुचवले. ते कसे करावे हेही सांगाल का?

निवृत्त_वकील

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, ते साध्या कागदावर आणि मराठीत चालते, आणि नोंदणीची सक्तीही नाही. तरीही आईंच्या वयाला मी नोंदणीच सुचवेन. शुल्क शंभर रुपये आहे आणि मूळ प्रत हरवली तर नक्कल मिळते. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांनी आईंना सही करताना पाहिलेले असावे. पुढे वाद झालाच तर त्यातल्या एकाला तरी न्यायालयात उभे राहावे लागते, म्हणून साक्षीदार आईंपेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान निवडा. लोक प्रेमाने समवयस्क शेजाऱ्याला बोलावतात आणि साक्षीदार आधी जातो. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, सही करायला घेऊन जाऊ नये, शक्य तर त्या दिवशी खोलीतही असू नये. नेहमीच्या डॉक्टरांचे त्याच तारखेचे प्रमाणपत्र जोडा.

मजकुरात फ्लॅटचा क्रमांक, सर्व्हे क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक नेमका लिहा. 'माझे सर्व काही मुलांना' असे लिहून थांबू नका. एक मूल आईंच्या आधी गेले तर त्याचा वाटा कोणाला, हे वाक्य हवेच. कोणाला कमी द्यायचे असेल तर कारण एका वाक्यात लिहावे. व्यवस्था पाहणारी व्यक्ती नेमावी आणि ती पुण्यात राहणारी असावी. नंतर सोसायटीतील नामनिर्देशन मृत्युपत्राशी जुळवून घ्या. दोन कागद दोन दिशांना तोंड करून उभे असतात, म्हणूनच निम्मे दावे उभे राहतात.

भवानी_पेठ

आमच्याकडे वाड्यातील भाड्याच्या दोन खोल्या आहेत. त्या मृत्युपत्राने मुलीला देता येतील का?

निवृत्त_वकील

भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तिथे राहत असलेल्या कुटुंबीयाकडे तो जातो. सविस्तर हवे असेल तर स्वतंत्र धागा काढा.

अपार्टमेंटवाली

इथे सगळे सोसायटीबद्दल बोलत आहेत, पण पुण्यात पुष्कळ इमारती 'अपार्टमेंट' आहेत, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या. तिथे शेअर सर्टिफिकेट नसते, अपार्टमेंट डीड असते. आमच्या मंडळाने फॉर्मवर नॉमिनी लिहून घेतला होता आणि आम्ही त्याच्या भरवशावर चार वर्षे निवांत होतो. शेवटी नोंदणीकृत हक्कसोडच करावा लागला. आपली इमारत नक्की काय आहे हे आधी करारनाम्यात पाहा. बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसते.

आकडेमोड

कराचे कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. आपल्याकडे वारसाकर नाही. मृत्युशुल्क १९८५ मध्ये रद्द झाले. वारसाने मिळालेले घर हे उत्पन्न धरले जात नाही. प्रश्न विकताना येतो. तेव्हा खरेदी किंमत वडिलांची धरायची आणि किती काळ घर धारण केले तेही वडिलांनी घेतल्यापासून मोजायचे. १९९४ चे घर असल्याने १ एप्रिल २००१ चे वाजवी मूल्य घेता येते. त्यासाठी मूल्यांकनकाराचा अहवाल काढा आणि ते मूल्य त्या दिवशीच्या रेडीरेकनरच्या (मुद्रांकासाठीच्या सरकारी दराच्या) वर जात नाही हे पाहा. निवासी व्यक्तीला २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर महागाई निर्देशांकासह २० टक्के किंवा त्याशिवाय १२.५ टक्के, यांपैकी जो कर कमी बसेल तो देता येतो. अनिवासी भावाला ही निवड मिळत नाही आणि त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराला मोठी करकपात करावी लागते. त्यामुळे विकायचा विचार असेलच तर घर आधी आईंच्या नावावर येणे कराच्या दृष्टीनेही सोयीचे आहे.

महापालिकेच्या मिळकतकरावर नाव बदलताना स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत कायम आहे ना, हेही बिलावर तपासा.

ओवी_कोथरूड (धागाकर्ती)

बऱ्याच महिन्यांनी लिहीत आहे. मध्यंतरी ज्यांनी विचारपूस केली त्यांचे आभार.

काकांना फोनवर सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "वहिनीच्या घरात माझा वाटा? कुठे सही करू सांग." आत्या गप्प राहिली. दोन दिवसांनी तिच्या मुलाने फ्लॅटचा चौरस फुटाचा भाव विचारला. वकीलकाकांनी बजावले होते म्हणून मी आकडा लपवला नाही. बारावा हिस्सा किती होतो ते लिहून पाठवले. त्यानंतर तीन आठवडे काही उत्तर आले नाही आणि त्या तीन आठवड्यांत आईने मला आत्याचे नाव काढू दिले नाही. दरम्यान कलम १५४ब-१३ ची प्रत दिल्यावर सोसायटीने भावाला तात्पुरता सदस्य म्हणून घेतले आणि प्रोबेटचा विषय पुन्हा निघाला नाही.

डिसेंबरात भाऊ आला त्याच आठवड्यात आत्या कराडहून एकटीच एसटीने आली. सही करण्याआधी तिने मसुदा वाचायला मागितला. टंकलेखकाने नेहमीच्या साच्यातून उचललेले वाक्य त्यात होते: 'सदर मिळकतीत आमचा कोणताही हक्क, हितसंबंध नाही व नव्हता.' आत्या म्हणाली की हे मला मान्य नाही. माझा हक्क होता, माझ्या आईकडून आला होता, तसे लिहा आणि मग मी तो सोडते असे लिहा. वकिलांनी सांगितले की तिचे म्हणणे कायद्यानेही बरोबर आहे, कारण जो हक्क नव्हताच तो सोडणार कसा. ते पान पुन्हा टाइप झाले. हवेली कार्यालयात तिचा अंगठा यंत्रावर चौथ्यांदा उमटला, तोवर दुपारचे दोन वाजले होते.

इंडेक्स टू परवा मिळाला. त्यावर हक्क सोडणाऱ्यांची चार नावे आहेत, त्यात आत्याचे पहिले, तिच्या माहेरच्या नावासह. सोसायटीची सभा पुढच्या रविवारी आहे.